दाखल्यावरची नकुशी

३ फेब्रुवारी १९७५

माझं धोपाटणं परत पळवलं! धुणं भिजवून बसले, हात मागं घातला तर जागेवर न्हाई. आन् क्वार्टरच्या मागल्या भिंतीवर ठक-ठक, ठक-ठक. नकुशीच! चौदाव्याला टेकलेली घोडी धोपाटण्यानं भिंतीवर चेंडू मारतीय. वर मलाच सांगती — "आज्जे, ह्यानं मनगट तयार होतं." मनगट तयार करायचं तर धुणं बडव की बये! धोपाटण्याची कड उडाली ती उडालीच.

असो. जयभीम, वही. तू सोपानरावांनी दिलेली. तारखा १९७३ च्या छापलेल्या हायत, मी खोडून वर लिहिते. सोपानराव म्हंजी पार्सल हापिसातले कारकून, आन् रेल्वे इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी. म्हणाले, "साखरबाई, एवढी अक्षरं शिकलात ती गंजवू नका. रोज दोन ओळी लिहा." अक्षरं शिरूरला असताना चांगदेव गुरुजींनी शिकवली. आमच्या वस्तीतल्या बारा बायका बसल्या व्हत्या, शेवटपर्यंत मी एकटी टिकले. का टिकले? गुरुजी चुकले की मला बोलता येत व्हतं म्हणून.

मी इन्स्टिट्यूटात माठ भरते, टेबलं पुसते. त्यातलं एक टेबल हिरवं, मधी जाळी. नकुशीला सोबत न्यायचे, तिथंच लागलं हे खूळ. सोपानराव म्हणत्यात पोरीत खेळ हाय. असंल. भाकरी थापायला मात्र हात दुखतो.

४ फेब्रुवारी

वांगी किडकी निघाली. बाकी काही न्हाई.

११ फेब्रुवारी

सोपानराव नाचतच आले. कलकत्त्याला जगाची टेबल टेनिसची स्पर्धा चाललीय. ती उरकली की चेकोस्लोव्हाकिया का काय त्या देशाची चार माणसं पुण्याला येणार, खेळ दाखवायला. मनमाडवरनं गाडी येती, आपल्या दौंडला इंजिन फिरवायला थांबतीच. साहेबांनी ठरवलं, दोन तास उतरवून घ्यायचं आन् आपल्या इन्स्टिट्यूटात खेळवायचं.

"साखरबाई, नवे माठ आणा."

"जुने काय गळत्यात का?"

"अहो, फॉरेनची माणसं हायत."

"मग? त्यांना पाणी प्यायला वेगळं तोंड असतंय का?"

नवे माठ आणले. दोन्ही गळत्यात.

१९ फेब्रुवारी

आज झाला खेळ. हातात पेन धरवत न्हाई इतकी पाण्याची ने-आण झाली, पण लिहिते.

तीन बाप्ये आन् एक बाई. बाईचं नाव यार्मिला. मी उर्मिलाच म्हटलं, तिला चाललं. उंच, केस पिवळे, कापलेले. उजव्या गुडघ्याला पट्टा. तेहतीस वर्सांची म्हणं. आमच्याकडं तेहतीसला सासू व्हत्यात, ही तोकड्या चड्डीत टेबलामागं उड्या मारतीय. इन्स्टिट्यूट गच्च भरलेलं, गार्ड, फायरमन, शाळेतली पोरं, खिडकीत माणसं.

पण वही, तिचा खेळ मला आवडला. ती मारतच न्हाई! टेबलापासनं आठ पावलं मागं जाती, आन् समोरचा जे हाणंल ते खालनं कापून परत. हाणा — परत. हाणा — परत. आमच्या रेल्वेचा पहिला नंबरवाला पोरगा घामानं निथळला, शेवटी स्वतःच जाळीत घालून बसला. हिच्या तोंडावर ना राग ना हासू. मी बी जलमभर हेच केलं की. टाळ्या तेवढ्या कुणी वाजवल्या न्हाईत.

मग सोपानरावांनी नकुशीला पुढं ढकललं. एकवीसचा खेळ, नकुशीचे अकरा झाले. नकुशी बी तशीच मागं उभी राहून परत करणारी. दोघीबी मारंनात! एक पॉइंट इतका चालला की मी मधी जाऊन माठ भरून आले, तरी चालूच. शेवटाला त्या बाईनंच बॅट खाली ठेवली आन् हसली.

चहाला तिनं नकुशीला जवळ बसवली. पुण्याच्या असोसिएशनचा एक टायवाला मधी बोलायला. ती आधी नकुशीचे हात बघाय लागली. सरळ करून, खांद्यापासनं बोटापर्यंत. म्हणाली, एवढे लांब हात मागं उभं राहणाऱ्याला देव देतो. मग नाव विचारलं. मग नावाचा अर्थ. टायवाला टाय सारखा कराय लागला. मीच म्हटलं, "लाजता कशाला? सांगा तिला — नको असलेली. तिसरी बी पोरगीच झाली म्हणून ठेवलं. मीच ठेवलं."

तिनं कप खाली ठेवला. मग काही बोलली. टायवाला म्हणाला, "त्या विचारतायत, एवढ्या चांगल्या हाताला नको म्हणालात?"

"हाताला कोण नको म्हणालं? पोटाला म्हणालो."

हे त्यानं तिला सांगितलं का न्हाई, ठावं न्हाई.

मग मी बी तिला विचारलं. बाप गिरणीत लेथवर, लोखंड कातायला. गिरणीच्या क्लबात अकराव्या वर्षी बॅट धरली. बावीस वर्सं झाली खेळतीय. कागदावर गिरणीत नोकरी, काम मात्र हेच. सरकार पाठवंल तिथं जायचं, बोलवंल तवा परत यायचं. सहा वर्सांचा पोरगा आईकडं ठेवलाय. "मग तुझ्या आईला काय मिळालं?" म्हटलं. हसत सुटली. म्हणाली, "माझे कप ठेवायला कपाट."

गुडघा गेलाय म्हणाली. अजून एक वरीस, मग संपलं.

गाडीची शिट्टी झाली. जाताना स्वतःची जुनी बॅट नकुशीला दिली.

२० फेब्रुवारी

नकुशी जेवली न्हाई. बॅट उशाला. म्हटलं, चाव आता ती.

२२ मे

परदेशातनं कार्ड आलं! इन्स्टिट्यूटच्या पत्त्यावर. पुढं पुलाचं चित्र, मागं इंग्रजी. सोपानरावांनी वाचलं — रोज सर्व्हिसचा सराव कर, मागं उभी राहा, घाई करू नकोस. भिमाजीनं, माझ्या लेकानं, उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, "आये, पोस्टमन सगळ्या कॉलनीला सांगतोय." रेल्वेत रूळ बदलायचे पॉइंट ओढणारा माणूस, त्याला कॉलनी काय म्हणंल त्याचीच धास्ती.

९ ऑक्टोबर

सोपानराव आले तवा पाय जमिनीवर नव्हते. नकुशी जिल्ह्याला पहिली आली, त्याचा हा परिणाम. चेकोस्लोव्हाकियाच्या क्लबानं चार पोरी मागितल्यात, तीन महिने शिकवायला. शिकवणार कोण? तीच, यार्मिला. मुंबईच्या असोसिएशनला तिनं नकुशीचं नाव घालून लिहिलंय. तिथनं शिकून आली की रेल्वे खेळाडू म्हणून नोकरीत घेणार. "साखरबाई, ह्या पोरीच्या पुढच्या पिढ्या सुधारल्या समजा."

नकुशी दाराला टेकून ऐकत व्हती. तिचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं. मला बघवंना, मी भांडी घासाय घेतली.

एकच अट. येत्या एक जानेवारीला सोळा वर्सं पुरी झालेली नसावीत. शाळेचा दाखला लावायचा.

१० ऑक्टोबर

दाखला आणला. जन्मतारीख १ जून १९५९.

सोळा भरून चार महिने झालेत.

१२ ऑक्टोबर

दोन दिवस लिहिलं न्हाई. आज लिहिते, कारण तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं.

नकुशी जलमली पानशेतचं धरण फुटलं त्या महिन्यात. सगळं पुणं बुडालं, आन् हिकडं माझ्या घरात तिसरी पोरगी. पानशेत १९६१ चं. म्हंजी आज ती चौदाची, पंधरावं चालू. सोळा कुठली!

सून तापानं गेली तवा ही पावणेचार वर्सांची. थोरल्या दोघी मामाकडं धाडल्या. भिमाजी कामाला, मी दुसऱ्याच्या रानात खुरपायला. हिला बांधावर ठेवली तर विहिरीकडं पळायची. मग नेली शिरूरच्या शाळेत, चांगदेव गुरुजींकडं. शाळा सहा पुरी असल्याशिवाय घेत न्हाई. जलमाचा कागद कुणाकडं असतोय? तिसऱ्या पोरीची नोंद करायला चावडीवर कोण जातंय? अशा पोरांचं वय मास्तर हातानं मोजायचे — डोक्यावरनं हात घालून पल्याडचा कान धरता आला की सहा पुरी. तारीख सगळ्यांना एक जून.

हिचा हात पोचला. पावणेचार वर्सांची असताना! हात लांबच व्हते.

गुरुजी म्हणाले, "साखरबाई, पोर बारकी दिसती." मी म्हटलं, "अंगानं बारकी. सहा पुरी हाय. लिहा."

लिहिलं.

वर्गात सगळ्यात लहान. दोनदा नापास झाली. मास्तर म्हणायचे डोकं न्हाई. डोकं व्हतं, वय नव्हतं. मला ठावं व्हतं, मी बोलले न्हाई. सांभाळायला शाळा मिळाली व्हती, ती कशाला घालवू.

१४ ऑक्टोबर

नकुशीला सांगितलं. म्हणाली, "आज्जे, म्हंजी मी नापास व्हायला नको व्हते?"

एवढं बोलून चेंडू घेऊन भिंतीकडं गेली.

१० नोव्हेंबर

शिरूरला जाऊन आले, नकुशीला घेऊन. न्हावऱ्याला एसटी बदलली. दिवाळीची गर्दी, उभ्यानं गेलो.

चांगदेव गुरुजी आता रिटायर, ओट्यावर बसून दुसऱ्याकडनं पेपर वाचून घेत्यात. डोळं अधू झालंय, पण आवाजावरनं ओळखलं.

"साखरबाई! भांडायला आलात का?"

"माफी मागायला आले."

"मग तुम्ही साखरबाई न्हाई."

सगळं सांगितलं. नकुशीला जवळ बोलावून त्यांनी तिचा हात चाचपला. म्हणाले, "मला त्या दिवशी कळलं व्हतं, बाई. चार वर्सांच्या पोराचे दात मला ओळखू येत न्हाईत का? पण तुमच्या हातावर खुरप्याचे घट्टे बघितले, आन् लिहिलं."

म्हंजी खोटं दोघांचं. मला उगंच बरं वाटलं, आन् लगेच वाईटही वाटलं.

म्हणाले, रजिस्टरात आता खाडाखोड होत न्हाई. कचेरीत जा, शपथेवर प्रतिज्ञापत्र करा. खाली मी सही देतो.

कचेरीसमोर लिंबाखाली शंकरराव टाईपरायटर मांडून बसतो. सगळं ऐकून हात थांबवला. "आज्जी, तुम्ही काय लिहून देताय ठावं हाय का? सरकारी रजिस्टरात खोटं लिहवलं म्हणून कबूल करताय. सध्याचे दिवस आणीबाणीचे! साहेब लोक वेळेवर यायला लागलेत. कुणी मनावर घेतलं तर तुमच्यावर खटला व्हईल."

"लिही."

"तुमचं वय काय?"

"ते बी आता कुणाला विचारू? साठ लिही."

मॅजिस्ट्रेटपुढं उभी राहिले. वाचून दाखवलं — मी खोटी माहिती दिली. व्हय म्हटलं. अंगठ्याची शाई पुढं केली त्यांनी, मी म्हटलं, सही करते. केली. आयुष्यात पहिली सही, आन् कशावर!

येताना गाडीत नकुशी म्हणाली, "आज्जे, तुला खरंच धरत्याल?"

"धरलं तर बरंच की. तिथं धुणं दुसरं कुणी धुईल."

ती हसली न्हाई.

१२ नोव्हेंबर

सोपानरावांनी कागद मुंबईला धाडला. वर क्वार्टरचा पत्ता घातला. आता वाट बघायची.

१ डिसेंबर

सोपानरावांची बदली सोलापूरला. आठ दिवसांत हजर व्हा म्हणं. जाताना नकुशीला म्हणाले, "पत्र आलं की मला तार कर." माझ्याकडं बघून म्हणाले, "साखरबाई, वही बंद करू नका." माणूस बरा व्हता. पाणी जास्त प्यायचा.

२० डिसेंबर

पत्र न्हाई.

२८ डिसेंबर

न्हाई. पोस्टमनला रस्त्यात गाठलं, तो म्हणाला, "आज्जी, तुमचं जे येतं ते घरीच देतो." नकुशी सांजेला इन्स्टिट्यूटात गेली न्हाई. गुडघा दुखतो म्हणाली. आता हिचा बी गुडघा!

५ जानेवारी १९७६

नव्या सालाची वही न्हाई. जुन्यातच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते.

नकुशी माझ्याकडं बघत न्हाई. ताट पुढं ठेवलं की खाती, उठती. विचारलं की "काही न्हाई आज्जे." राग हाय. असणारच. असू दे.

१ फेब्रुवारी

पेपरात फोटो आला. मुंबईच्या विमानतळावर चार पोरी, कोट घातलेल्या, हातात बॅगा. नकुशीनं सगळी बातमी मला वाचून दाखवली, नावांसकट, एका दमात. कुठं अडखळली न्हाई. चवथी पोरगी नागपूरची हाय म्हणाली.

पेपर घडी करून शेगडीपाशी ठेवला. मी त्यावर शेगडी पेटवली न्हाई.

असोसिएशननं साधं न्हाई म्हणून बी कळवलं न्हाई बघ. म्हातारीच्या शपथेला कोण विचारतंय.

१६ फेब्रुवारी

भिमाजी म्हणतो, शिरूरचं एक स्थळ हाय. पोरगा सर्जेराव, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. व्यसन न्हाई. हुंडा न्हाई.

"पोर पंधराची बी न्हाई," मी म्हटलं.

"दाखल्यावर सतरावं हाय, आये."

"दाखला खोटा हाय."

"तूच केलास न्हवं?"

लेकाला मारायचं माझं वय न्हाई. न्हाईतर मारलं असतं. खरं बोलला म्हणून जास्त मारलं असतं.

१८ फेब्रुवारी

भांडले. दोन दिवस भांडले. भिमाजी म्हणतो, कॉलनीत पोरगी चड्डीत खेळली, फोटो निघाले, आन् झालं काय? विमानात दुसऱ्याच बसल्या. आता माझी बी बदली व्हईल, हिला कुठं कुठं नेऊ? मी म्हटलं, माझ्यापाशी राहील. तर नकुशीच चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मला चालंल. करा."

मी तिच्याकडं बघितलं. ती चुलीकडं बघत व्हती.

मला वाटलं, माझ्यापासनं सुटायला चाललीय.

२५ एप्रिल

लग्न झालं. विहारात, शिरूरला, साध्या पद्धतीनं. पांढरं पातळ नेसवलेलं तिला जरा लांबच पडत व्हतं. गुरुजी आले व्हते. तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

सर्जेराव वाईट दिसत न्हाई. मान खाली घालून असतो. मी त्याला म्हटलं, "ही पोर अजून पोर हाय. ध्यानात ठेवा." म्हणाला, "व्हय आज्जी, शाळेत घालतो म्हणालोय मी. माझी आई बी तेच म्हणती, दोन वर्सं ती आईपाशीच झोपंल." बघू. आईचं नाव कस्तुराबाई, बोलायला तिखट हाय. बरं वाटलं.

बॅट नेली न्हाई नकुशीनं.

३ मे

भिमाजीनं मागल्या भिंतीला लावायला चुना आणला. चेंडूचे डाग घालवायला. म्हटलं, राहू दे, उन्हाळा जाऊ दे.

इन्स्टिट्यूटात एकवीस माठ भरले असतील. हिरव्या टेबलावर कुणी पत्ते खेळत व्हतं. उठवलं.

१९ मे

काही न्हाई. घर केवढं मोठं हाय हे!

१२ जून

यार्मिलाचं पत्र आलं. कार्ड न्हाई, चांगलं दोन पानी, नकुशीच्या नावानं. नव्या सेक्रेटरीकडनं वाचून घेतलं. त्यानं सांगितलं तसं लिहिते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खेळ संपला. शेवटची स्पर्धा हरले, एका सोळा वर्सांच्या पोरीकडनं. तिला मारता येत व्हतं आन् मला आता मागं पळता येत न्हाई. तेवीस वर्सांचे कप आईच्या कपाटात हायत. आता क्लबात पोरींना शिकवते. फार बरं वाटत न्हाई, पण सवय व्हईल. तू का आली न्हाईस? तुझा कागद मान्य झालाय असं तुमच्या असोसिएशननं मला डिसेंबरात कळवलं व्हतं. खोलीत तुझी खाट खिडकीपाशी लावली व्हती. लांब हाताच्या पोरीला मागनं खेळायला शिकवायचं म्हणूनच मी हे काम घेतलं. मग दुसरीच मुलगी आली.

"परत वाचा," म्हटलं. त्यानं परत वाचलं.

कागद मान्य झालाय! डिसेंबरात!

मान्य झाला तर सांगितलं कुणाला?

१३ जून

सोपानरावांना सोलापूरला लिहिलं. पहिल्यांदाच पत्र लिहिलं कुणाला. तीन वेळा फाडलं. एवढंच लिहिलं — मुंबईला जाऊन विचारा, कागद मान्य झाला तर आम्हाला का कळवलं न्हाई.

२९ जून

सोपानराव रजा काढून मुंबईला गेले आन् तिथनं थेट हिकडं. तोंड उतरलेलं. पाणी बी मागितलं न्हाई.

असोसिएशनचा माणूस उलट ह्यांच्यावरच गुरकावला. म्हणाला, आम्ही बावीस डिसेंबरला रजिस्टर पत्र धाडलं. पाच जानेवारीला पोरीला घेऊन या म्हणून कळवलं. तुमची पोर आली न्हाई, उत्तर न्हाई. आयत्या वेळी नागपूरच्या मुलीला घ्यावं लागलं. आता नोटीस दिलीय — गैरहजर का राहिली ते पंधरा दिवसांत कळवा, न्हाईतर पाच वर्सं कुठंच खेळता येणार न्हाई.

"रजिस्टर पत्र कुणी घेतलं मग?" मी म्हटलं.

"क्वार्टरवर कुणीतरी सही करून घेतलंय. पोचपावती त्यांच्या फायलीत हाय. मी मागितलीय, पोस्टानं येईल. तोवर मी हिथंच थांबतो."

घरात माणसं तीन. मी घेतलं न्हाई. नकुशीला मिळालं असतं तर ती नाचत मुंबईला गेली असती. राहिला कोण?

३० जून

भिमाजीशी बोलले न्हाई, ओरडले. सगळी कॉलनी दारात. "पोरीचं वाटोळं तू केलंस! तुला कॉलनीची लाज, पोरीची न्हाई! तू पत्र दाबलंस!" तो उभा राहिला पांढराफटक. म्हणाला, "आये, बाबासायबांची शपथ, मी असलं पत्र बघितलं न्हाई." मी म्हटलं, "शपथा मला सांगू नकोस, मी बी घेतलीय एक."

तो ड्युटीला गेला न जेवता. मी बी जेवले न्हाई. इतके दिवस मी मलाच खात व्हते, आन् घरात हा!

३ जुलै

पोचपावती आली. सोपानरावांनी माझ्यापुढं ठेवली, स्वतः खिडकीकडं जाऊन उभे राहिले.

मी वाचली. अक्षर मला ओळखू येतं, मीच पाटीवर गिरवून घेतलंय. न. भि.

नकुशी.

भिमाजी घरी आला तवा त्याला ताट वाढलं. तो जेवेस्तोवर शेजारी बसून राहिले. दुसरं काय करता येतंय!

५ जुलै

शिरूरला जाऊन आले. नकुशी भाकरी थापत व्हती. पावती पुढं धरली. तिचे हात थांबले न्हाईत. म्हणाली, "पत्रात लिहिलं व्हतं — कागद मान्य, पण आज्जीला संगं आणा, खोटं वय लिहवलं म्हणून तिच्यावर पोलिसात तक्रार द्यावी लागंल, मग पोरीला घेऊ. मी चुलीत घातलं." भाकरी उलटली. म्हणाली, "करपंल, सरक आज्जे."

नोटिशीचं उत्तर नकुशीनं द्यायचं न्हाई. भिमाजीनं मधी पडायचं न्हाई. सोपानरावांनी पाकिटावर पत्ता तेवढा घालावा. पोर आली न्हाई ती माझ्यापायी, आन् तक्रार द्यायची तर द्या, मी हिथंच हाय. उत्तर मीच देणार. दुसऱ्या कुणी एक अक्षर लिहायचं न्हाई!